धडगाव किती लांब

फाल्गुन लागला की आमच्या शाळेत दोन गोष्टी बरोबरीनं येतात: वार्षिक परीक्षेची धास्ती आणि मोहाच्या फुलांचा वास. नंदुरबारच्या बाजाराला डोंगरातली माणसं टोपल्या भरभरून मोह आणतात आणि त्यांची वाट नेमकी आमच्या वर्गाच्या खिडकीखालून जाते. गोड, किंचित आंबूस, डोक्यात चढणारा वास. पेपर लिहिता लिहिता मुलं माना वर करतात. मी "खाली बघा" म्हणून दरडावतो आणि स्वतः मात्र खिडकीशी जाऊन उभा राहतो. मास्तर असण्याचा एवढा एकच फायदा मला आजवर सापडला आहे.

यंदा त्या धास्तीत घरचं माणूस आहे. माझी भाची मंदा, माझ्या थोरल्या बहिणीची म्हणजे अक्काची लेक, शिकायला आमच्याकडे राहते. हुशार आहे, पण भूमितीशी तिचं वैर. परवा पुस्तक माझ्यापुढे आपटून म्हणाली, "मामा, त्रिकोणना दोन बाजू मिळीसन तिसरीथून मोठ्या ऱ्हातस, हाई कसाले सिद्ध करानं? आपला बैलसले भी माहीत शे. त्या बांधावरथून जातस का? वावरमातून आडवा निंघतस."

मला हसू आलं. बैलांची साक्ष काढणारी विद्यार्थिनी मला पहिल्यांदाच भेटली होती. पण उत्तर देता देता मी थांबलो. म्हटलं, "मंदे, ही गोष्ट जिथं खोटी पडते अशी एक जागा मी पाहिली आहे. तूही होतीस तिथं. फक्त तुला दिसत नव्हतं, कारण तू अजून आईच्या पोटात होतीस."

तिनं पुस्तक मिटलं. मग मला सगळं सांगावं लागलं, आणि सांगता सांगता ते दिवस असे परतून आले की तिची भूमिती बराच वेळ तशीच राहिली.

माझा कॉलेजातला एक सोबती पुण्याला प्राध्यापक आहे. मी इकडे मुलांना त्रैराशिकं घालत गंजून जाईन अशी त्याला काळजी, म्हणून तो मधूनमधून गणिताच्या परदेशी मासिकांचे जुने अंक पाठवतो. निम्मं डोक्यावरून जातं, पण बाकीच्या निम्म्यावर माझे उन्हाळे निभतात. त्यातल्या एका लेखानं मला वेड लावलं. विषय असा की कोणती फलनं अंतराला अंतर ठेवतात. ऐकायला रुक्ष, पण आहे मोठा गमतीचा. कागदावर एखाद्याला अंतर म्हणवून घ्यायचं असेल तर त्याला काही अटी पाळाव्या लागतात. आपलं आपल्यापासून अंतर शून्य, दुसऱ्या कुणापासूनही शून्य नाही. जायला जेवढं, यायला तेवढंच. आणि मधे तिसऱ्याच्या दारावरून वाकडी वाट केली तर अंतर वाढेल किंवा फार तर तेवढंच राहील, कमी मात्र कधी होणार नाही. मंदाच्या बैलांना ठाऊक आहे ती हीच शेवटची अट. आता समजा, जगातली सगळी अंतरं उचलून एखाद्या फलनात घातली. फलन म्हणजे गिरणीच, वरून धान्य टाकायचं, खालून पीठ घ्यायचं. प्रश्न एवढाच की जे पीठ बाहेर येईल ते अजून अंतरच असेल का, की दळण्याच्या नादात एखादी अट मोडलेली असेल.

काही गिरण्या विश्वासू असतात. वर्गमूळ घ्या. लांबची अंतरं चेपली जातात, पण अटी सगळ्या शाबूत. आठवणींचं बहुधा असंच काही असावं. पंधराएक वर्षं मधे गेली, तरी ती डोली अजून माझ्या हाताच्या अंतरावर हलते आहे.

आमचं गाव ब्राह्मणपुरी. काळी जमीन, सपाट. एका गावाच्या शिवारात उभं राहिलं तर पुढच्या गावाची चिंच दिसते. आमच्याकडे सोयरीक ठरवताना पत्रिकेच्या आधी एक गोष्ट बघत: बैलगाडी उजेडात निघून उजेडात पोचते का. कळसाडीला माझी आत्या दिली होती. सकाळी न्याहारी करून गाडी जुंपली की दुपारचं जेवण तिच्या पंक्तीला. लेकी द्यायच्या त्या अशा टापूत. त्यामुळे आमच्या घराण्यात एक रीत पडून गेली होती. पहिल्या बाळंतपणाला लेक माहेरी आणायची तर तिची गाडी वाटेत मुक्काम करत नाही. कुणाच्या ओट्यावर तिनं उतरायचं नाही. सासरच्या दारातून निघायचं ते माहेरच्या दारातच पाय टेकायचा. ही रीत कुणी आणि का घातली हे कुणी विचारत नसे, कारण पाळायला ती अगदीच सोपी होती. सारं जग एका दिवसाच्या गाडीत बसत होतं.

अक्काचीही सोयरीक शहाद्याची, म्हणजे रीतीत चोख बसणारी. पण दाजी सरकारी कारकून निघाले आणि लग्नाचं वर्ष फिरायच्या आत त्यांची बदली धडगावच्या कचेरीत झाली. सातपुड्याच्या पोटात, जिथं गाडी पोचत नव्हती. सोयरीक शहाद्याची आणि संसार धडगावचा, असं होऊन बसलं.

सातव्या महिन्यात आणायचं ठरलं तर पौष आडवा आला, लेक पौषात हलवायची नाही म्हणून आबा अडून बसले. आबा म्हणजे आमचे वडील. मग माघात शेतीची कामं. आणि फाल्गुनात निरोप पाठवला तर दाजींनी कळवलं की होळी होईपर्यंत डोलीला माणूस मिळणं अशक्य. डोंगरातली होळी ही एका दिवसाची गोष्ट नव्हे. माणसं नवस धरतात, अंगाला राखेचे ठिपके ओढतात, कमरेला घुंगरं बांधतात, एका गावची होळी झाली की ढोल घेऊन दुसऱ्या गावी जातात. त्या दिवसांत त्यांना डोली उचलायला बोलावणं म्हणजे आमच्या गावात दिवाळीच्या पाडव्याला कुणी नांगर धरायला बोलावल्यासारखं. आबांनी हे काही हिशेबात धरलंच नव्हतं. शेवटी नववा लागला.

मी तेव्हा कॉलेजची परीक्षा देऊन नुकताच घरी आलो होतो. निघायच्या आदल्या दिवशी ओसरीवर झालेलं बोलणं मला अजून जसंच्या तसं ऐकू येतं. माय दशम्या करत होती. दुधात भिजवलेल्या पिठाच्या या भाकरी प्रवासात टिकतात. ती आतूनच म्हणाली, "धडगाव कितलं दूर शे?"

"नंदुरबार इतलंच," आबा म्हणाले. "कोस सारखाच शेत. पहाटे निंघाले का दिवस बुडाना आत घर."

"नंदुरबारले डोंगर नही," माय म्हणाली.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. कॉलेजात गणित शिकणारा मुलगा घरात असला की असल्या प्रसंगी त्याला साक्षीला काढतात. मी बोलायच्या आत मायच पुढे म्हणाली, "तुमना कोस तुमले लखलाभ. माले इतलंच समजस, पोर आठे शे का आठे नही."

आम्ही दोघंही हसलो. पुढे कित्येक वर्षांनी तो लेख वाचताना एका पानावर मी अडखळलो. तिथं एक फलन दिलं होतं: शून्याचं शून्य, आणि बाकी काहीही असो, त्याचं एक. जवळ असो, लांब असो, समुद्रापलीकडे असो, एकच. वाटतं की असल्या आडदांड गिरणीत अंतराचा पार चुरा होईल. पण नाही, साऱ्या अटी पाळल्या जातात. माझी माय, जिला पाटीवर आपलं नावही काढता येत नव्हतं, ती अगदी शास्त्रशुद्ध बोलली होती, आणि आम्ही दोघं शहाणे हसलो होतो. अर्थात तिला हे सांगितलं असतं तर तिनं मला आधी दोन घास जास्त वाढले असते. उपाशी पोटी माणूस काहीही बोलतो असं तिचं मत होतं.

दशम्यांचं गाठोडं बघून मात्र आबा वैतागले. "एक दिवसनी वाट, नि वऱ्हाडनं जेवन बांधं का काय?" मायनं गाठोड्याची गाठ आणखी आवळली. मी गाडीत बसताना तिनं एक जाड गोधडी माझ्या मांडीवर टाकली आणि हळूच म्हणाली, "वाटमा अक्का जठे म्हनी तठे उतरी जाज्यात. तुन्हा बापनं ऐकू नको." आबांचं ऐकू नको असं मायच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

घाटाच्या पायथ्याशी गाडी आणि सालदाराला ठेवून आम्ही चढलो. आबा भाड्याच्या तट्टावर, मी पायी. पळसानं सगळा उतार भगवा करून टाकला होता. मोहाखाली पहाटे पडलेली फुलं बाया वेचत होत्या, आणि वास असा की मला परीक्षेतली न सुटलेली उदाहरणंही गोड वाटायला लागली. धडगावला अक्का दारातच उभी होती. पाय सुजलेले, चेहरा उतरलेला, पण तोंडाचा पट्टा जागच्या जागी. आम्हांला बघून म्हणाली, "उनात का एकदाना? माले वाटनं, आते हाई पोर मोठं हुई नि तेच माले माहेर लई जाई."

रात्र तिथं काढून दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. दाजींना मार्चअखेरीमुळे सुट्टी नव्हती. ते कोपऱ्यापर्यंत आले, डोलीची दोरी उगाच ओढून बघितली आणि परत फिरताना दोनदा अडखळले.

डोली म्हणजे जाड बांबूला टांगलेली झोळी, तिच्यावर उन्हासाठी लुगड्याचं छत. उचलणाऱ्यांचा म्होरक्या वेस्ता नावाचा पावरा आदिवासी होता. कानात चांदीच्या बाळ्या, होळीची राख अजून पाठीवर. खांदा बदलताना ही माणसं एक छोटा हुंकार देत आणि डोली न हलता एका खांद्यावरून दुसऱ्यावर जाई. सकाळचा गारवा होता तोवर सगळं छान चाललं. अक्का आतून माझ्या परीक्षेची चौकशी करत होती, मी गणिताच्या पेपरविषयी थापा मारत होतो.

मला वाटत होतं की धडगावहून खाली यायचं म्हणजे उतारच उतार. पण डोंगर तसा नसतो. उतरतो, की पुन्हा चढवतो, एक खोरं संपलं की दुसरं उघडतं. ऊन वर आलं. आबा सारखे विचारत, "कितलं ऱ्हायनं?" आणि वेस्ता दर वेळी म्हणे, "आते उनं", म्हणजे आलंच आता. पहिल्या टेकडीवर "आते उनं", नाल्यात "आते उनं", पुन्हा चढावर "आते उनं". आबा पार कातावले. आज मला वाटतं, तेही एक चोख फलनच होतं. ठरावीक मर्यादेच्या पलीकडचं सगळं एकाच मापाचं, आणि तेही माणसाचा धीर सुटणार नाही इतपत लहान. डोंगरात लोक अंतर मोजायला विचारत नाहीत, धीर यावा म्हणून विचारतात, आणि उत्तरही त्याच हिशेबानं मिळतं.

माणसं दमली तशी खांदे लवकर लवकर बदलायला लागली. डोलीला हिसके बसू लागले. अक्काचं बोलणं बंद पडलं. सुरुवातीला मला वाटलं झोपली असेल. मग तिनं छताचं कापड बाजूला केलं. कपाळावर घाम, ओठ दाताखाली. "भाऊ, पोटमा कळ येस," ती म्हणाली.

आबांचा चेहरा मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही. त्यांना एकच सुचलं, पाय उचला. खाली गाडी आहे, गाडी आहे म्हणजे रस्ता आहे, रस्ता आहे म्हणजे घर आहे. समोरच्या उतारावर एक पाडा दिसत होता. पाडा म्हणायचं एवढंच, आमच्या गावात घरं भिंतीला भिंत लावून बसतात, इथं शेजारी म्हणजे पलीकडच्या टेकडीवरचा. त्यातलं पहिलं घर वेस्ताचं. तो थांबला आणि हातानं दाखवून म्हणाला, "बाईले उतारा आठे."

"नही," आबा म्हणाले. "आमना घरमा रीत नही. लेकनी गाडी मझार कोना ओट्यावर उतरत नही. चाला."

माणसं उभीच राहिली. मायचं बोलणं माझ्या घशापर्यंत आलं होतं, पण बापाला तोंडावर नाही म्हणायचं कसं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी एवढंच म्हणालो, "आबा, माय म्हने व्हती..." आणि तेवढ्यात आतून अक्काचा आवाज आला. बारीक, पण अगदी स्वच्छ.

"आबा, रीत गाडीनी शे. हाई डोली शे."

मग मला हसू फुटलं. असल्या वेळी हसू फुटावं याची लाज वाटली तरी ते थांबेना. आबा म्हणजे आयुष्यभर गावचे तंटे मिटवणारा माणूस, त्यांना हा निवाडा मानावा लागला. ते तट्टावरून उतरले आणि म्हणाले, "मंग उतारा. हळू उतारा."

वेस्ताची बायको रुमली अंगण झाडत होती. तिनं झाडू टाकला. बाज मोहाच्या सावलीत ओढली, वर आमची गोधडी घातली, घोंगडीची उशीसारखी वळकटी करून अक्काचे पाय त्यावर ठेवले आणि शेजारी फतकल मारून बसली. "बस बाई. घर तुन्हंच शे," एवढं बाजारात शिकलेल्या अहिराणीत म्हणाली आणि बाकीचं तिच्या पावरीत, जे आम्हांला एक अक्षर कळलं नाही. अक्काला मात्र सगळं कळत असल्यासारखं ती मान हलवत होती.

ऊन कलेपर्यंतचा तो वेळ कसा गेला ते मी सांगू शकत नाही. एकेक कळ आली की मी उठून पाण्याला जायचो, घागर भरलेलीच असायची. आबा झाडाच्या बुंध्याशी पाठ टेकून बसले होते, डोळे खाली दरीकडे, जिथं गाडी होती. मोह काही दुपारी टपटपत नाही, तरी एखादं चुकार फूल पडायचं आणि आबा दचकायचे. मग कळांमधलं अंतर वाढत गेलं. वाढलं, आणखी वाढलं, आणि एकदा बराच वेळ काही झालं नाही म्हणून मी वळून पाहिलं तर अक्का झोपली होती. तोंड उघडं टाकून, लहानपणी झोपायची तशी. रुमलीनं माझ्याकडे बघून हाताचा तळवा खाली दाबल्यासारखा केला: शमलं.

इतकं बरं वाटणं मला झेपलं नाही, मी अंगणात बसून रडलो. कळा खोट्या होत्या, दमणुकीच्या होत्या. पण त्या रस्त्यावर आणखी हिसके बसले असते तर खोट्याच्या खऱ्या व्हायला कितीसा वेळ लागला असता, हे पुढे गावच्या सुईणीनं सांगितलं तेव्हा आबा उठून गोठ्यात गेले.

मुक्काम तिथंच पडला. मायच्या दशम्या सोडल्या. आम्ही, डोलीवाले, रुमलीची पोरं, सगळे जेवलो आणि तरी सकाळच्याला उरल्या. गाठोड्याच्या आकाराचा अर्थ मला तेव्हा लागला. आबा घरात काही गेले नाहीत. झाडाखालीच आडवे झाले. पण सकाळी रुमलीनं ताकातली ज्वारीची राबडी वाडग्यात आणून पुढे केली, तेव्हा जन्मात कुणाच्या हातचं न घेणाऱ्या त्या माणसानं वाडगं दोन्ही हातांनी घेतलं आणि बुडापर्यंत प्यायलं.

उरलेला घाट म्हणजे काहीच नव्हता. माणसं ताजी, अक्का ताजी, ऊन यायच्या आत आम्ही पायथ्याशी.

मंदाला मी हे पाटीवर काढून दाखवलं. म्हटलं, दमणूक ही अंतराच्या वर्गासारखी वाढते असं धर. एक टप्पा चाललं तर एक. दोन टप्पे न थांबता चाललं तर दोन नव्हे, चार. पण मधे रुमलीच्या अंगणात थांबून दोन टप्पे केले तर एक आणि एक, दोनच. म्हणजे सरळ जाणं महाग आणि मधे उतरून जाणं स्वस्त. तिसरी अट मोडली. वर्ग करणारं फलन अंतराला अंतर ठेवत नाही. आबांची रीत खोटी नव्हती, ती सपाटीवरची होती. ब्राह्मणपुरीला दोन कोस म्हणजे एक अधिक एक. घाटात ती बेरीज लागू पडत नाही, एवढंच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि मला तर कॉलेजातही कुणी सांगितलं नव्हतं.

मंदा म्हणाली, "नि दुसरी अट? जाताना जितलं, येताना तितलंच?"

मी म्हटलं, काही धीट गणिती ती अट सोडूनच देतात. त्यांचं अंतर जायला एक असतं आणि यायला दुसरं. तुझ्या आईला विचार. माहेरपणाचे दिवस भरले की धडगावची वाट तिला दर खेपेला लांब झालेली दिसायची. मंदा बराच वेळ पेन्सिल चावत बसली. मग आपणहून पुस्तक उघडलं, हे बैलांच्या साक्षीनंतरचं त्या दिवसातलं दुसरं आश्चर्य.

आबांनी पुढे आपली रीत जाहीरपणे बदलली. चावडीवर कुणाच्या लेकीला आणायची गोष्ट निघाली की ते मधेच म्हणत, "पोर जठे म्हनी, तठे थांबाडाले पाह्यजे." लोकांना वाटे, म्हातारा मवाळ झाला. रुमलीकडे दर होळीनंतर आमच्याकडून गूळ आणि शेंगा जात, तिच्याकडून सुकवलेला मोह येई. आबा गेले त्या वर्षी वेस्ता घाट उतरून आला, कुणाशी न बोलता दिवसभर आमच्या ओट्यावर बसला आणि संध्याकाळी उठून गेला.

पण मला मंदाला सांगायचं होतं ते याच्या आधीचं, त्या दुसऱ्या दिवसाचं. गाडी गावात शिरली तेव्हा भर दुपार होती. वाटभर मला एकच घोर, की माय आदल्या संध्याकाळपासून दारात उभी असेल आणि तिच्या मनात काय काय येऊन गेलं असेल. आबाही त्याच घोरात असावेत, कारण गाडी दारात लागते न लागते तोच ते वरूनच बोलायला लागले. "मझार थांबनूत आम्ही. म्हंजे गाडी नही थांबनी. डोली व्हती, म्हनीसन..." लेकीचाच मुद्दा, पण त्यांच्या तोंडी तो काही सरळ उभा राहीना.

माय भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. पदर नीट, डोळे निवांत.

"माले माहीत व्हतं," ती म्हणाली. "मी काल वाट दखीच नही. जेवनू नि झोपी गयू."

"माहीत कसं?" आबांनी विचारलं.

"परतीले दोन दिवसन्या दशम्या कोनी बांध्या व्हत्यात?"

तिनं अक्कावरून तुकडा ओवाळला, चाकावर पाणी घातलं. अक्काच्या आधी आमच्या घरात एक मूल होऊन गेलं होतं, ते हाती लागलं नाही, एवढंच आम्हां भावंडांना ठाऊक होतं. त्याविषयी कुणी बोलत नसे. तांब्या खाली ठेवता ठेवता माय आबांना म्हणाली, रागानं नव्हे, अगदी साध्या आवाजात, "मन्हा येळले गाडी कोठेच थांबनी नही. मी म्हनत व्हतू, थांबा. तुमना बापनी रीत. उजेडमा बरोबर पोचनी."

आबांची मान खाली गेली. मग ते गाडीतून उतरले आणि त्यांनी स्वतः हात देऊन अक्काला उतरवलं, जे काम आमच्याकडे बाया करत. ओट्यावर अक्का टेकली, मायनं तिच्या सुजलेल्या पावलांवर हात फिरवला, पोटावर फिरवला, आतून मंदानं लाथ मारली असावी, कारण माय एकदम हसली. सालदारानं बैल सोडले. शेजारच्या बाया कुंपणावरून डोकावायला लागल्या.

मला काहीतरी बोलायचं होतं, रडू येऊ नये म्हणून तरी. निघायच्या आदल्या दिवशीचा तिचाच प्रश्न आठवला. म्हटलं, "माय, मंग सांग, धडगाव कितलं दूर शे?"

मायनं अक्काचं डोकं आपल्या मांडीवर ओढून घेतलं आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, "कोनतं धडगाव? पोर आठे शे."